तीन नंबरची लोकरी टोपी

गेल्या खंडेनवमीला मी माझ्या सासऱ्यांकडून एका उलथन्याची यथासांग पूजा करवून घेतली. आपण गोल्फच्या काठीची पूजा करतोय असं त्यांना वाटत होतं. (निदान त्यांना तसं वाटतंय, असं मला वाटत होतं. ते पुढं येईलच.)

मी मूळचा पुण्याचा. नोकरीपायी बेंगळूरला आलो, सर्जापूर रोडवर फ्लॅट घेतला आणि इथल्याच एका जुन्या मराठी घराचा जावई झालो. माझी बायको सुमेधा हिचे पूर्वज कुठल्याशा स्वारीबरोबर घोड्यावरून इथं आले ते परत गेलेच नाहीत. (ट्रॅफिक तेव्हाही असावा.) त्यांच्या मराठीत कन्नड शब्द दहीभातातल्या मोहरीसारखे मधूनमधून दाताखाली येतात. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात, सासूबाईंना अक्का, आणि मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही 'ते पुण्याचे'.

अण्णा एका कारखान्यात इंजिनिअर होते. तरुणपणी त्यांच्या साहेबानं त्यांना गोल्फ खेळायला नेलं. पुढं साहेब सुटला, नोकरी सुटली, खेळ सुटला नाही. लोकांच्या जावयांना पहिल्या दिवाळसणाला अंगठी मिळते. मला अण्णांनी स्वतःच्या दोन लोखंडी काठ्या दिल्या. एक तीन नंबरचं आयर्न, एक चार नंबरचं.

"ह्यानं मी देवनहळ्ळीकडच्या कोर्सवरचं तळं ओलांडलंय," तीन नंबर माझ्या हातात ठेवत ते म्हणाले. "आता तुम्ही ओलांडा, जावईबापू."

अक्कांनी त्या दोन्ही काठ्यांना लोकरीच्या टोप्या विणल्या होत्या. तीनला लाल, चारला पिवळी, वर गोंडे. (रंग कर्नाटकाच्या झेंड्याचेच, त्यामुळं राज्योत्सवालाही चालल्या असत्या.) वास्तविक आयर्नला टोपी कुणी घालत नाही. पण हे अक्कांना सांगायची अण्णांची छाती झाली नव्हती, तर माझी कुठून होणार!

ज्यांना गोल्फ ठाऊक नाही त्या सुखी माणसांसाठी सांगतो. आयर्नचा आकडा जितका लहान, तितकी काठी लांब, तिचं तोंड उभं आणि मारणाऱ्याची फजिती मोठी. तीन नंबरनं चेंडू हवेत उचलायला अंगात काहीतरी लागतं. ते अण्णांच्या अंगात होतं. माझा चेंडू गवतातून उंदरासारखा सरपटत जायचा आणि तळ्याच्या काठाशी गेला की उंदीर करणार नाही ते करायचा. आत उडी मारायचा.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी अण्णांचे जुने जोडीदार मैसूरला मुलाकडं राहायला गेले. क्लबात दर दसऱ्याला जुन्या मेंबरांचा जोडीचा सामना होतो. अण्णांनी तो कधी चुकवलेला नाही. त्यांनी क्लबात सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "यंदा माझा जावई जोडीला."

जावई म्हणजे मी. पण अण्णांना जावई दोन आहेत. दुसरा माझा साडू, नागपूरचा, एचएसआर लेआउटला राहतो. तो चेंडू लांब मारतो, सरळ मारतो, आणि वर पुन्हा नम्र आहे. अशा माणसाचं काय करावं! मी दसऱ्याला माती खाल्ली, तर पुढच्या वर्षीपासून अण्णांच्या शेजारी तो उभा राहणार आणि मी अक्कांबरोबर डबे घेऊन झाडाखाली बसणार, हे उघड होतं.

ऑफिसातल्या एकानं उपाय सांगितला. "लाँग आयर्न आता कोण वापरतं? हायब्रिड घे! अर्धं आयर्न, अर्धं ते लांब मारायचं जाडं वुड. गुबगुबीत डोकं असतं, चेंडू आपोआप उठतो."

मी अण्णांकडं आडून आडून विषय काढला.

"अण्णा, हायब्रिडबद्दल तुमचं काय मत?"

"टोमॅटो हायब्रिड असावा," अण्णा म्हणाले. "काठी नको. ती कुबडी झाली."

विषय संपला. म्हणून मी गुपचूप गेलो.

एचएसआरला एक गोल्फचं दुकान आहे. आत जाळी लावलेली खोली, समोर पडदा. तुम्ही चेंडू मारायचा आणि तो किती गेला असता ते पडद्यावर दिसतं. तिथली मुलगी अतिशय नम्रपणे प्रश्न विचारते. तुलना करायला म्हणून मी अण्णांची दोन्ही आयर्न टोप्यांसकट बरोबर नेली होती.

"सर, तुमचं तीन नंबरचं आयर्न आत्ता किती लांब जातं?"

खरं उत्तर होतं, पिशवी वाहणाऱ्या कॅडीच्या बुटापर्यंत. मी म्हणालो, "दोनशे यार्ड. वारा असला तर थोडं कमी."

"आणि बॉल उंच जातो?"

"जातो की! कधीकधी जरा जास्तच."

तिनं पेन खाली ठेवलं. "मग सर, बदलायचं कशासाठी?"

"चेंज म्हणून," मी म्हणालो.

तिनं मला मारायला सांगितलं. पहिले काही चेंडू पडद्याच्या खालच्या पट्टीवर आपटले. "वॉर्म अप," मी म्हणालो. मग कुणास ठाऊक काय झालं, एक चेंडू असा सणसणीत बसला की पडद्यावरची हिरवळ संपून पुढची झाडी सुरू झाली. मी काठी तशीच खांद्यावर धरून उभा राहिलो, शिवाजीनगरच्या फोटो स्टुडिओत उभं राहावं तसा.

"हा लिहून घ्या. हा माझा नेहमीचा."

"आणि सर, बाकीचे?"

"ते अपवाद."

तरी ती बिचारी सांगत होती. बरेच जण तीनच्या जागी चार नंबरचं हायब्रिड घेतात आणि चारच्या जागी पाच. हायब्रिड मुळातच लांब मारतं. आकड्यावर जाऊ नका, बाजूला तोंडाच्या कलाची डिग्री लिहिलेली असते ती बघा. डिग्री जास्त, तर चेंडू लवकर उठतो. आणि दांडा, सर, स्वल्प मऊ घेतलात तर बरं.

आता आकडा वाढवायचा म्हणजे अण्णांपेक्षा कमी मर्द ठरायचं! आणि मऊ दांडा? तो तर तिनं उच्चारल्याबरोबरच मला अपमान वाटला.

"दोन आणि तीन नंबर द्या," मी म्हणालो. "दांडा सगळ्यात कडक."

"सर, ते प्रोफेशनल प्लेअर घेतात."

"तेच म्हणतोय."

थोडक्यात, जे गिऱ्हाईक दुकानात आलंच नव्हतं त्याच्या मापाच्या काठ्या मी विकत घेतल्या. आणि शेवटी तिनं विचारलं, "जुने आयर्न एक्स्चेंजमध्ये देणार का, सर?" तेव्हा पडद्यावरची ती झाडी अजून माझ्या डोळ्यांपुढं होती. मी म्हणालो, "घेऊन टाका." काठ्या दिवाळसणाच्या आहेत हे मला आठवलं तेव्हा मी सिल्क बोर्डाच्या सिग्नलला उभा होतो. (तिथं माणसाला सगळंच आठवतं. वेळ असतो.) मांडीवर लाल आणि पिवळी टोपी होती. "टोप्या आम्ही घेत नाही, सर," म्हणून तिनं परत दिल्या होत्या.

नवी हायब्रिडं घेऊन मी सरावाला गेलो. पूर्वी चेंडू उंदरासारखा जायचा. आता महागड्या उंदरासारखा जायला लागला. बाकी फरक शून्य.

आणि त्याच आठवड्यात अण्णांचा फोन आला.

"नवमीला आम्ही तुमच्याकडं येतो. आयुधपूजा यंदा तिथंच. दशमीला तिथनंच मॅचला जायचं. गाडी धुऊन ठेवा. आणि काठ्या काढून ठेवा. तीन आणि चार."

मी त्याच पावली दुकानात. "मी दिलेली ती दोन जुनी आयर्न..."

"गेली, सर," ती मुलगी म्हणाली. "एका अंकलनी घेतली."

"कोण अंकल?"

"नाव नाही माहीत, सर. फार खूश दिसले नाहीत, पण घेतली."

खूश नाहीत तर घेतली कशाला, असं मनात म्हणत मी घरी आलो आणि सुमेधाला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अंगठी असती तर तीपण विकली असतीस का रे?"

"अगं, मदत कर ना!"

"करते. खोलीबाहेर जाते. मला काही माहीत नाही."

आता गोल्फच्या पिशवीत काठ्या डोकी वर करून उभ्या असतात. म्हणजे दिसतं ते फक्त डोकं. हे माझ्या फायद्याचं होतं. मी लाल टोपी हायब्रिडवर चढवून पाहिली. त्याच्या गुबगुबीत डोक्यावर ती बारशातल्या कुंचीसारखी नुसती ठेवल्यासारखी दिसायला लागली. आयर्नच्या पात्यासारखं चपटं, लोखंडी, थोडं तिरकं असं काहीतरी हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो. आणि तिथं, गॅसशेजारच्या खिळ्याला, तीन नंबरचं आयर्न लटकलं होतं!

ते डोशाचं उलथनं होतं. चांगलं जुनं, बिडाच्या तव्यावर चालणारं, अक्कांनी सुमेधाला संसारासाठी दिलेलं. मी ते बेडरूमच्या पडद्याच्या जादा रॉडला चिकटपट्टीनं पक्कं बांधलं, पातं थोडं वाकवलं आणि लाल टोपी चढवली. पिवळ्या टोपीखाली झारा गेला. लांबून बघितलं. हुबेहूब! मला स्वतःलाच शंका आली की आपण उगीच विकली असं म्हणतोय.

नवमीला आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये जत्रा असते. प्रत्येक गाडीला झेंडूची माळ, पुढच्या बाजूला केळीचा खुंट, चाकाखाली लिंबू. वॉचमन कुंकू भरलेले कोहळे फोडत फिरतो आणि पोरं घसरून पडतात. अण्णा सोवळ्यात, खांद्यावर शाल, हातात तबक घेऊन आले. त्यांनी आधी आमच्या गाडीची पूजा केली, मग सुमेधाच्या स्कूटरची, मग माझ्या लॅपटॉपची. (त्याच्या कीबोर्डात अजून अक्षता आहेत.) आणि शेवटी पिशवीपाशी आले.

त्यांनी लाल टोपीला हळद लावली, कुंकू लावलं. मग टोपी मुठीत धरून जरा उचलून पाहिली.

"स्वल्प हलकं झालंय," अण्णा म्हणाले.

"पॉलिश केलंय, अण्णा."

"पॉलिशनं वजन उतरतं?"

"चांगल्या पॉलिशनं उतरतं."

"सरी," असं कन्नडमधलं 'ठीक' म्हणून त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि इतका वेळ काहीतरी पुटपुटले की मला तबकातलं निरांजन पुन्हा पेटवावं लागलं. मग त्यांनी पिशवीला ओवाळलं आणि माझ्याकडं वळले.

"आता दशमीपर्यंत हात लावायचा नाही. आयुध विश्रांती घेतंय."

"अजिबात नाही लावणार!" मी मनापासून म्हणालो.

"आणि दशमीला पूजेतलं प्रत्येक आयुध थोडं तरी चालवायचं, ठाऊक आहे ना? गाडी फिरवायची, पुस्तक उघडायचं. उद्या मॅचच्या आधी पहिला फटका ह्या तीन नंबरनंच. सगळ्यांसमोर."

मी हसलो. ते हसू कसं दिसलं असेल याचा अंदाज मला सुमेधाच्या चेहऱ्यावरून आला.

वर स्वयंपाकघरात तोवर वेगळाच गोंधळ चालला होता. अक्कांनी डोशाचं पीठ बरोबर आणलं होतं. तवा तापला होता.

"सुमा, उलथनं कुठं गेलं गं? खिळ्याला असायचं की."

सुमेधानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"पूजेत ठेवलंय, अक्का," सुमेधा म्हणाली. (मला काही माहीत नाही म्हणणारी बाई ती हीच!)

"बरं केलंस! मग त्याला आज हात लावायचा नाही. झारा दे."

"तोपण पूजेतच आहे."

"अगंबाई, सगळं स्वयंपाकघरच बसवलंत की काय पूजेला? पुण्यात असं करतात?"

"हो," मी म्हणालो. पुण्याच्या नावावर इतकं खपतं, त्यात आणखी एक.

त्या दिवशीचे डोसे सुमेधानं वाटीच्या कडेनं उलटले. त्यांना डोसे म्हणायचं की भाजलेल्या पिठाचा पंचनामा, ते मी सांगत नाही. अण्णा मात्र नारळाची चटणी लावून, एकेक तुकडा माझ्याकडं बघत खात होते.

दशमीला सकाळी आम्ही चौघं गाडीनं देवनहळ्ळीकडं निघालो. डिकीत अण्णांची पिशवी आणि माझी, माझ्या पिशवीत उलथनं. वाटेत मी मनगट मुरगळून पाहिलं, पोट दुखवून पाहिलं. अक्कांनी दोन्हींवर ओव्याचा उपाय सांगितला आणि हातातल्या डब्यांच्या पिशवीतून ओवा काढून दिलाही.

पहिल्या टीपाशी, म्हणजे जिथून पहिला चेंडू मारतात तिथं, अण्णांचे सगळे जुने दोस्त जमले होते. डोक्यावरून विमानं उतरत होती. अक्का डबे घेऊन झाडाखाली बसल्या. अण्णांनी चेंडू ठेवला.

"या, जावईबापू. टोपी काढा आणि मारा."

"टोपीसकटच मारतो, अण्णा," मी म्हणालो. "अक्कांच्या हातची आहे. पहिला फटका, शुभ असतं."

झाडाखाली अक्कांना भरून आलं. "बघा! असा जावई मिळायला..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी पडद्याचा रॉड उपसला आणि डोळे मिटून फिरवला.

सगळ्यात आधी टक् असा आवाज झाला. मग कर्र असा. डोळे उघडून बघतो तर चेंडू अगदी नाकासमोर, मंदपणे, एखाद्या निवृत्त माणसासारखा फिरायला चालला होता. आणि त्याच्या डोक्यावरून चिकटपट्टी सोडून सुटलेलं उलथनं, लाल टोपी घालून, गोंडा उडवत, चेंडूच्या दुप्पट लांब गेलं.

माझ्या हातात रॉड होता. त्याच्या टोकाला पडदा अडकवायची कडी अजून लोंबत होती.

अक्का उठल्या, हिरवळीवर चालत गेल्या आणि टोपी उचलून तिच्यात हात घातला.

"माझं उलथनं!"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा शांतपणे स्वतःच्या पिशवीकडं गेले. तिच्या बाजूच्या खणातून त्यांनी दोन काठ्या काढल्या. तीन नंबर आणि चार नंबर.

"थंडी वाजतेय त्यांना," ते म्हणाले. "टोप्या आणा."

"अण्णा! म्हणजे दुकानातले ते अंकल..."

"मीच. जुन्या मालाच्या टोपलीत उभ्या होत्या. एकीवर सूट, एकीवर धूळ."

"मग काल तुम्हाला सगळं माहीत होतं? तरी पूजा केलीत?"

"समोर ठेवलंत तर काय करू? उलथनं पण आयुधच. आमच्या घरात तेवढंच चाललेलं मी बघितलंय."

माझ्या डोक्यात आता उशिरा उजेड पडला. "पण अण्णा, तुम्ही त्या दुकानात कशाला गेला होता?"

अण्णा उतरणारं विमान फार लक्ष देऊन बघायला लागले. उत्तर अक्कांनी दिलं, उलथन्याचं वाकलेलं पातं सरळ करत.

"हायब्रिड घ्यायला! पाठ धरते म्हणून. पिशवी उघडून बघा. आणि मला सांगितलं होतं, ह्या पुण्याच्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

खरंच होती! पाच आणि सहा नंबर, मऊ दांड्याची.

"टोमॅटो, अण्णा?" मी म्हणालो.

"दुकानातल्या मुलीनं विचारलं, किती जातं?" अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, जात नाही. तिनं ही दिली. तुम्ही काय सांगितलंत?"

मी टोप्या आणायला गेलो.

सामन्याचं फार लांबण लावत नाही. तळ्यापाशी अण्णांनी पाच नंबरचं हायब्रिड काढलं आणि पाठ न वाकवता चेंडू पलीकडच्या हिरवळीवर अलगद नेऊन ठेवला. मी माझं प्रोफेशनल काढलं. चेंडू तळ्यात. अण्णांनी मग दिवाळसणाचं तीन नंबर पुढं केलं. सन्मानानं घेतलं, कपाळाला लावलं, मारलं. तळ्यात. तळं असेल तिथं आम्ही हरलो, आणि त्या कोर्सवर वळण घेऊन घेऊन ते तळं सगळीकडं आहे.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो. मागच्या सीटवर अक्कांच्या मांडीवर उलथनं होतं. येलहंका मागं पडलं तेव्हा सुमेधानंच विचारलं, जे विचारायची माझी हिंमत नव्हती.

"अण्णा, पुढच्या दसऱ्याला जोडीला कोण? हाच, की नागपूरचे भाऊजी?"

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मी आरशातून त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो आणि पुढच्या टेंपोला जवळजवळ धडकलो.

"यांनाच घ्या हो," शेवटी अक्काच म्हणाल्या. "फक्त काठ्या कसल्याच देऊ नका. जुन्या नकोत, नव्या नकोत. हे उलथनंच द्या. चेंडू लांब जात नाही, पण सापडतो तरी!"